कुडाची भिंत आणि मोजपट्टी

वास्तुकलेच्या पदवीच्या किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे एक प्रकल्प करावा लागतो. विषय त्याने निवडायचा, जागा त्याने शोधायची, तिथली माणसे आणि बांधकाम समजून घ्यायचे आणि मग आपला आराखडा परीक्षकांपुढे मांडायचा. मुंबई-ठाण्याकडच्या विद्यार्थ्याने 'ग्रामीण' किंवा 'आदिवासी' असा विषय घेतला, की त्याची पावले शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांकडे वळणे स्वाभाविक आहे. कसाऱ्याची लोकल पकडून आसनगाव, आटगाव किंवा खर्डीला उतरावे आणि तिथून एखाद्या पाड्यावर जावे. मुरबाडला रेल्वे नाही. तिथे कल्याणहून रस्त्यानेच जावे लागते. पाड्यावर पोचल्यावर विद्यार्थी टेप उलगडतो, कुडाच्या भिंतीची लांबी-उंची घेतो, ओटीची रुंदी टिपतो, आढ्याची उंची अंदाजतो. पुढे त्या आकड्यांचे आराखडे, छेद आणि दर्शनी रेखाटने होतात. त्यांतून आश्रमशाळा, आरोग्यकेंद्र, बाजाराचे आवार, बांबूकामाचे केंद्र किंवा नव्या घरांची वसाहत असे काही आकाराला येते.

अशा कामांकडे कौतुकाने पाहण्याची एक रीत आहे आणि उपहासाने पाहण्याची दुसरी. आम्हांला या दोन्हींपेक्षा त्या टेपमध्ये अधिक रस आहे. या भूमीवर मोजपट्टी घेऊन आलेला हा विद्यार्थी पहिला माणूस नव्हे. गेली पावणेदोनशे वर्षे येथे मोजणीदार येत आहेत. कोणी काय मोजले आणि कोणासाठी मोजले, यावर येथील घरांचे भवितव्य ठरत गेले. विद्यार्थ्याच्या कामाचे मोलही याच प्रश्नावर जोखावे, असे आमचे मत आहे.

पहिली मोठी मोजणी लोहमार्गाची. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ च्या आरंभी कसाऱ्याला. थळ घाट ओलांडून इगतपुरी गाठण्यास १८६५ साल उजाडले. या मोजणीत चढ, वळण आणि खडक यांना महत्त्व होते. वाटेवरचे पाडे नकाशावर ठिपक्यांच्या रूपाने आले, एवढेच. पण लोहमार्गाला लाकूड हवे होते, आणि वाढत्या मुंबईलाही लाकूड व कोळसा हवा होता. ठाणे जिल्ह्याचे जंगल हा आता मोजण्याजोगा माल झाला.

दुसरी मोजणी त्या जंगलाची. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या. या भागातील भातशेतीचा एक जुना आधार होता राब. डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर रोपवाटिकेच्या जागी पसरून जाळायचे व त्या राखेत रोप टाकायचे. त्यासाठी वरकस जमिनीवरील आणि रानातील झाडांच्या फांद्या छाटाव्या लागत. वनखात्याच्या दृष्टीने हा नाश होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती पेरणीची पूर्वतयारी होती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाविषयीचा वाद बराच गाजला. त्या मानाने घराला लागणाऱ्या लाकडाची चर्चा कमी झाली. वास्तविक मेढी, वासे, कारवी, बांबू आणि छपराचे गवत हे सारे त्याच रानातून येत होते. रानाला कुंपण पडले त्या दिवशी घराच्या सामानालाही कुंपण पडले.

तिसरी मोजणी पाण्याची, आणि ती आजही संपलेली नाही. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीची ती दगडी भिंत शहापूर तालुक्यात उभी राहिली. पाणी मात्र नळांतून मुंबईला गेले. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर झाले, पुढे भातसा झाले, २०१४ मध्ये मध्य वैतरणा पूर्ण झाले. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा आज या परिसरातून जातो, आणि शहापूर तालुक्यातील अनेक गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुरबाड तालुक्यात काळू नदीवरील धरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. वनविषयक परवानगीवाचून ते चालू असल्याचे श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात दाखवून दिले आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. धरणाच्या कागदांत पाण्याची पातळी, बुडीत क्षेत्र आणि घनमीटर यांचे हिशेब असतात. बुडणाऱ्या घराचाही हिशेब असतो, पण तो नुकसानभरपाईच्या एका रकान्यापुरता.

या तिन्ही मोजण्यांत मोजणारा बाहेरचा होता आणि मोजणीचा उपयोगही बाहेरच्यांना होता. राहणाऱ्या माणसाला केंद्रस्थानी ठेवणारी मोजणी कधी झालीच नाही काय? झाली, पण ती निराळ्या वाटेने. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ मध्ये निघाला. त्यात जातीजमातींनुसार घर, अन्न आणि वस्त्र यांची वर्णने आहेत. ती तपशीलवार असली तरी त्यांमागची नजर राज्यकर्त्याची आहे. त्यानंतर अर्धशतकाने, १९३३ मध्ये, मुरबाडच्या शेजारी राहणाऱ्या ना. गो. चापेकरांनी 'आमचा गाव बदलापूर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. निवृत्त न्यायाधीशाने आपल्याच गावाची कसून पाहणी करावी आणि ती मराठीत लिहावी, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. शीर्षकातला 'आमचा' हा शब्द आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे १९६० मध्ये ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यामुळे या पट्ट्यातील एका जमातीच्या जीवनाला अभ्यासाच्या जगात स्थान मिळाले.

चापेकर बदलापूर न्याहाळत होते त्याच सुमारास मुंबईत आणखी एक मोजणी चालू होती. सर जे. जे. कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण सुरू झाले ते आरेखकांच्या वर्गाच्या रूपाने. सरकारी बांधकामांचे नकाशे स्वच्छ काढणारे हात तयार करणे हा त्याचा हेतू. १९१७ मध्ये तेथील माजी विद्यार्थ्यांनी आपली संघटना स्थापन केली. जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि तिच्यातूनच पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही देशव्यापी संस्था उभी राहिली. म्हणजे या देशातील वास्तुरचनाकारांच्या व्यावसायिक संघटनेचे मूळ माजी विद्यार्थ्यांच्या मंडळात आहे. १९२३ पासून वीस वर्षे शाळेची धुरा क्लॉड बॅटली यांच्याकडे होती. आपल्याकडील जुन्या इमारती प्रत्यक्ष जाऊन मोजाव्यात आणि मापे घेऊन रेखाटाव्यात, असा त्यांचा आग्रह असे. १९३४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय वास्तुकलेवरील चित्रसंग्रह अशाच मोजीव रेखाटनांवर उभा आहे. युरोपातील स्तंभांच्या नकला गिरवणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या भूमीकडे वळवणारी ही दृष्टी होती, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि काय मोजायचे याची एक उतरंड तेव्हाच तयार झाली. मंदिरे, मशिदी, वाडे, हवेल्या यांना त्यात वरचे स्थान होते. दगड आणि कोरीव लाकूड टिकते. म्हणून ते मोजले जाते, आणि मोजले जाते म्हणून ते 'वास्तुकला' ठरते. दरवर्षी शाकारावे लागणारे आणि दहा-वीस वर्षांत मातीला मिळणारे कुडाचे घर या उतरंडीत बसत नव्हते. विद्यार्थी ते मोजू लागले ते बरेच पुढे, स्वस्त घरांचा आणि पर्यावरणाचा विचार बळावल्यावर.

हे घर आहे तरी कसे? चार किंवा सहा मेढी जमिनीत पुरतात. मेढ म्हणजे वर दुबेळके असलेला खांब. ऐन, साग किंवा मिळेल त्या टिकाऊ लाकडाचा. दुबेळक्यात आडवी तुळई बसते, त्यामुळे सांध्याला खिळा लागत नाही. वर आढे, आढ्यावरून उतरणारे वासे, त्यांवर बांबूच्या कामट्या आणि वर गवत, भाताचा पेंढा किंवा ऐपतीप्रमाणे कौले. भिंत कारवीची. अंगठ्याएवढ्या जाडीच्या सरळ काठ्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या, आडव्या चिंबांनी आवळायच्या, आणि माती, शेण व भाताचे तूस कालवून दोन्ही अंगांनी लिंपायच्या. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते. त्यानंतर डोंगरउतारांवर वाळलेल्या काठ्यांची रास असते. म्हणजे या भिंतीचे पंचांग डोंगराच्या पंचांगाशी बांधलेले आहे.

चुलीचा धूर कुडाच्या फटींतून आणि छपरातून बाहेर जातो. जाताना लाकडाला आणि गवताला धुरी देतो, त्यामुळे कीड-भुंगा दूर राहतो. या भागात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. म्हणून छप्पर उतरते आणि खोलवर पुढे आलेले असते, आणि पावसाच्या माराकडच्या भिंतीला पेंढ्याचा आडोसा बांधतात. उन्हाळ्यात घर थंड राहते. यांतले प्रत्येक तत्त्व विद्यार्थी आपल्या छेदरेखाटनात बाण काढून दाखवतो, आणि ते योग्यच आहे.

रेखाटनात न येणारी गोष्ट वेगळी आहे. हे घर बांधून संपत नाही. दरवर्षी वैशाख-ज्येष्ठात त्याची शाकारणी करावी लागते, कुड लिंपावा लागतो, कुजलेली काठी बदलावी लागते. शेजारीपाजारी मदतीला येतात आणि उद्या आपण त्यांच्याकडे जातो. घराचा खरा आधार मेढीइतकाच या उन्हाळी दिवसांचाही आहे. ते दिवस हाताशी असतील तरच घर उभे राहते.

नेमके हेच दिवस नाहीसे झाले. कातकऱ्यांचे उदाहरण घ्यावे. खैराच्या लाकडापासून कात काढणारी ही जमात. नावही त्यावरूनच पडले. जंगल राखीव झाले तसा तो धंदा गेला. कोळसा पाडण्याची मजुरी आली, तीही पुढे आटली. मग राहिली वीटभट्टी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर जोडप्याने मुलाबाळांसह भट्टीवर जायचे, आणि उचल फिटेपर्यंत, म्हणजे पाऊस तोंडावर येईपर्यंत, विटा पाडायच्या. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने संपली. त्यानंतरही १९८२ पासून श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांना ठाणे जिल्ह्यात वेठीविरुद्ध लढावे लागले, याचे मूळ या उचलीत आहे.

आता ही दोन वेळापत्रके शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. कारवी तोडणे, गवत साठवणे, कुड लिंपणे आणि छप्पर शाकारणे यांचा हंगाम होळीपासून मृगापर्यंत. वीटभट्टीचा हंगाम दिवाळीपासून मृगाच्या अलीकडेपर्यंत. कुडाच्या घराला जेव्हा माणूस हवा असतो, तेव्हाच तो दुसऱ्यांच्या पक्क्या घरांच्या विटा पाडत असतो. भट्टीवर त्याचा संसार कोरड्या विटा रचून वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकलेल्या खोपटात चालतो. परत येईपर्यंत घराचे छप्पर विरलेले असते आणि आभाळ भरून आलेले असते. मग निळे किंवा काळे प्लास्टिक टाकून पावसाळा काढायचा. या प्लास्टिकमध्ये काहींना पारंपरिक ज्ञानाचा ऱ्हास दिसतो. ज्ञान होते तिथेच आहे. ज्या दिवसांत ते वापरायचे ते दिवस आधीच विकले गेले आहेत.

सरकारी भाषेत या घराला एकच विशेषण आहे: कच्चे. जनगणनेत आणि २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत भिंतीचे आणि छपराचे साहित्य विचारले जाते; गवत, बांबू, माती असे उत्तर आले की घर कच्चे ठरते. या शब्दाने एक काम चांगले केले: कोणाला घर द्यावे हे ठरवणे सोपे झाले. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना आली. २०१६ पासून तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण विभाग आला. किमान २५ चौरस मीटर क्षेत्र आणि मैदानी भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये असे तिचे मूळ माप. कातकऱ्यांसारख्या विशेष दुर्बल जमातींसाठी २०२३ मध्ये वेगळी मोहीम निघाली आणि घरासाठीची रक्कम २ लाख झाली.

घरकुल नको असे म्हणणारा कातकरी किंवा ठाकूर आमच्या ऐकिवात नाही, आणि त्याने तसे का म्हणावे? पक्क्या भिंतीत साप शिरत नाही, ठिणगीने घर जळत नाही, आणि भट्टीवर गेल्यावर कुलूप लावता येते. दरवर्षी शाकारण्याचे ओझे नसणे ही ज्याच्याकडे दिवस नाहीत त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. कुडाच्या भिंतीचे गोडवे गाणाऱ्या शहरी माणसाने हे आधी ऐकून घ्यावे. पण उन्हात तापणारी ती खोली, धूर कोंडणारी चूल, कणगीला आणि कोंबड्यांना जागा नसणे, पाऊस झोडपत असताना बसायला पडवी नसणे, याही गोष्टी तितक्याच खऱ्या आहेत. म्हणून घरकुलाशेजारी पुन्हा कुडाची एक खोपी उभी राहते आणि स्वयंपाक तिथे होतो. रहिवाशाने केलेली ही दुरुस्ती कोणत्याही परीक्षकाच्या शेऱ्याहून अधिक बोलकी आहे.

याहून अवघड गोष्ट जमिनीची. अनेक कातकरीवाड्या कोणा जमीनमालकाच्या सातबाऱ्यावर वसलेल्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घराखालची जागा नावावर नाही, आणि जागा नावावर नसेल तर घरकुल मंजूर होणे दुरापास्त. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलजमिनीवर राहणाऱ्यांना काही वाट करून दिली. खाजगी जमिनीवरच्या वाडीला गावठाणाचा दर्जा मिळवून देण्याचे काम मात्र महसूल खात्याच्या पायऱ्या झिजवूनच होते. जमिनीचे भाव चढले, की ही वाडी मालकाला खुपू लागते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून खुला झाला. भाव कोणत्या दिशेने जातील हे सांगायला ज्योतिषी नको.

या साऱ्यात वास्तुरचनाकार कुठे आहे? १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने नोंदणीवाचून ते नाव लावण्यास मनाई केली. व्यवसायाला प्रतिष्ठा आली. पाड्यावरचे घर मात्र पूर्वी घरधनी आणि सुतार बांधत, आज योजनेचा ठरीव नमुना आणि गवंडी बांधतात. अभियंता हप्त्याआधी पाहून जातो. वास्तुरचनाकाराला पैसे देणारा पक्षकारच येथे नाही. त्यामुळे विद्यार्थिदशेतला तो प्रकल्प हीच पुष्कळांच्या आयुष्यातली कुडाच्या घराशी पहिली आणि शेवटची भेट ठरते. पुढे याच तालुक्यांत काम मिळाले, तर ते बहुधा एखाद्या फार्महाउसचे असते. तिथे मात्र मातीची भिंत आणि बांबूचे छप्पर आवडीने मागितले जाते. विटा पाडणाऱ्याला विटेचे घर हवे आणि विटेच्या घरात वाढलेल्याला कूड हवा, हा योग केवळ गमतीचा नाही. कूड हा एकाच्या दृष्टीने खर्च झालेला श्रम आहे आणि दुसऱ्याच्या दृष्टीने विकत घेता येणारी शांतता.

बाहेरच्या जगात या पेचाशी झुंजलेली माणसे आहेत. इजिप्तमध्ये हसन फाथी यांनी १९४० च्या दशकात लक्सरजवळ न्यू गुर्ना हे गाव कच्च्या विटांच्या घुमटांनी बांधायला घेतले. घरे देखणी होती, थंड होती, स्वस्तही होती. पण जुन्या गावचे बहुतेक लोक तिथे गेले नाहीत, कारण त्यांची उपजीविका जुन्या जागी, प्राचीन थडग्यांच्या परिसरात होती. भिंतीचे गणित बरोबर आले, पोटाचे राहून गेले. याउलट अमेरिकेतील अलाबामात सॅम्युएल मॉकबी यांनी १९९३ मध्ये आपल्या विद्यापीठातर्फे 'रूरल स्टुडिओ' सुरू केला. तिथे विद्यार्थी एका गरीब परगण्यात राहतात, एखाद्या कुटुंबासाठी घर आखतात आणि स्वतः बांधतात. मॉकबी २००१ मध्ये गेले, स्टुडिओ चालू राहिला. रचना चुकली तर समोरचा माणूस ते तोंडावर सांगतो, हा त्या शिक्षणाचा गाभा.

आपल्याकडील प्रत्येक विद्यार्थ्याने घर बांधूनच यावे असा आमचा हट्ट नाही. तेवढा वेळ आणि पैसा महाविद्यालयांकडे नसतो. पण रेखाटन बदलता येईल. भिंतीच्या छेदाशेजारी वर्षाचा छेद काढावा: कोणत्या महिन्यात घरातली कोणती माणसे कुठे होती. मेढीच्या मापाशेजारी ती कोणत्या रानातून आली, वनरक्षकाला काय सांगावे लागले, हे लिहावे. आराखड्याच्या सीमारेषेवर सातबाऱ्यावरचे नाव कोणाचे आहे ते नोंदवावे. शेजारच्या घरकुलाचाही तितक्याच आस्थेने आराखडा काढावा आणि त्याला जोडलेली खोपी वगळू नये. असे रेखाटन ग्रामसभेत उपयोगी पडेल, गावठाणाच्या अर्जाला जोडता येईल, पडवीसाठी जादा चार फूट मागताना पुरावा म्हणून पुढे करता येईल. आणि त्याची एक प्रत, मराठीत लिहिलेली, पाड्यावर राहिली पाहिजे.

ही शेवटची अट सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त मोडली जाणारी आहे. लोहमार्गाचे नकाशे मुंबईला गेले, जंगलाचे वनखात्यात गेले, धरणांचे पालिकेत आणि पाटबंधारे खात्यात गेले. विद्यार्थ्याचे रेखाटन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाते. ज्या घराची मापे घेतली त्या घरात यांतला एकही कागद आजवर राहिलेला नाही. एक जरी राहिला, तरी येथील मोजणीच्या इतिहासात ती नवी गोष्ट ठरेल.